लँडलाइनला नेट जोडलं तर गुन्हा होतो का? (पार्ल्याचा फोन आणि एडिसनची गिऱ्हाइकं)

पार्लेकर_भाचा

नमस्कार मंडळी, तांत्रिक आणि कायदेशीर अशी दोन्ही डोकी इथे आहेत म्हणून धागा काढतोय.

मावशीचा पार्ले पूर्वेला मसाले आणि दिवाळी फराळाचा घरगुती धंदा आहे. फोन एकच, ०२२ वाला, स्वयंपाकघराच्या दाराशी तिपाईवर. तो नंबर वर्षानुवर्षं पाकिटांवर छापला जातोय, त्यामुळे बदलायचा विषय काढला की मावशी न बोलता उठून आत जाते. दिवाळीच्या आधी महिनाभर फोन सतत वाजतो, आणि ती भाजणीत हात बुडवून बसलेली असते.

माझा बेत असा: रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) घ्यायचा, त्यावर अ‍ॅस्टरिस्क (फोन एक्स्चेंजचं काम करणारं सॉफ्टवेअर) टाकायचं, सोबत एक एफएक्सओ गेटवे, म्हणजे लँडलाइन संगणकाला जोडणारा डबा. एका बाजूने लँडलाइनची वायर आत, दुसऱ्या बाजूने नेटची. मग
१. मावशी गच्चीवर असली तरी घरच्या वायफायवर मोबाइल वाजेल,
२. मी ठाण्यात बसून लँडलाइनचा फोन उचलेन,
३. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला असलेली मावसबहीण तिकडच्या ऑर्डरी घेते, ती नेटवरून या डब्यात येऊन पार्ल्याच्या लाइनवरून कुरियरवाल्याला, पॅकिंगवाल्याला लोकल कॉल लावेल.

लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने गेटवे काढून काउंटरवर ठेवला, भाव सांगितला आणि वर म्हणाला, "साहेब, बाहेरचे कॉल यातून उतरवू नका, बाकी काय हवं ते करा." का, म्हणून विचारलं तर हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. म्हणून इथे विचारतोय. पैसे कोणाकडून घेणार नाही, घरचंच काम आहे. तरीही अडचण?

टवाळ

धागा उघडताना वाटलं चकलीची पाककृती असेल. निराशा झाली. वाचतोय.

वायरवाला

दुकानदार शहाणा आहे. तुमचा १ नंबर बिनधास्त करा. घरातल्या घरात ईपीएबीएक्स (ऑफिसात असतं तसं खाजगी छोटं एक्स्चेंज) बसवून एक्स्टेंशन दिल्यासारखंच ते. एक्स्टेंशन वायरचं आहे की वायफायचं, कोणी विचारत नाही. तिसरं मात्र सरळसरळ टोल बायपास. कॉल परदेशातून नेटवर आला आणि मुंबईच्या लाइनवर उतरला, मध्ये लायसन्सवाला कोणी नाही. एक लाइन असो की शंभर, प्रकार तोच.

मी वीसेक वर्षं ऑफिसांमध्ये फोन यंत्रणा बसवतोय, मरोळ, सीप्झ, मालाडचं माइंडस्पेस. २०२० च्या आधी कॉल सेंटर बसवायचं म्हणजे अर्धं काम या एका नियमाचं असायचं. परदेशी क्लायंटचे कॉल आयपीवर, म्हणजे नेटवरून येणार, ते स्थानिक पीएसटीएनला (नेहमीच्या सार्वजनिक फोनच्या जाळ्याला) चुकूनही भिडता कामा नयेत. एक तर दोन वेगळे ईपीएबीएक्स लावा, नाहीतर एकाच्याच आत लॉजिकल पार्टिशन करा. सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये 'लॉजिकल पार्टिशनिंग' नावाची सोयच आहे, आणि ती भारतातल्या या नियमांसाठी घातली असं त्यांची कागदपत्रंच सांगतात. प्रत्येक फोनला, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लाइनला (ट्रंकला) जागेचा पत्ता द्यायचा आणि कोण कोणाशी बोलू शकतं याचा तक्ता भरायचा.

तपासणीच्या दिवशीचा खेळ ठरलेला. एका फोनवर अमेरिकेचा कॉल चालू, दुसऱ्यावर स्थानिक मोबाइलचा. तपासणारा म्हणणार, आता कॉन्फरन्स करा. आपण बटण दाबायचं आणि कॉल जोडला गेला नाही म्हणून सगळ्यांनी समाधानाने माना डोलवायच्या. यंत्र चालत नाही हे सिद्ध करायचे पैसे घेतलेत मी.

रात्रपाळीच्या पोरांचे हाल वेगळेच. हेडसेटवर टेक्ससचा माणूस आहे, पिकअपची गाडी आली नाही, पण त्या हेडसेटवरून ड्रायव्हरला फोन लागणार नाही. त्यासाठी खांबाजवळ वेगळ्या टेबलावर साधा फोन, आणि तिथे रांग.

सव्वानऊची_लोकल

@वायरवाला, हे आता गेलं ना? आमच्याकडे लोक घरून सगळं करतात.

वायरवाला

बरंचसं गेलं. नोव्हेंबर २०२० मध्ये ओएसपीचे (सरकारी भाषेत कॉल सेंटरसारख्या सेवा) नियम सैल केले: नोंदणी नको, बँक गॅरंटी नको. जून २०२१ मध्ये देशी आणि परदेशी सेंटर हा भेदच काढला, ईपीएबीएक्स जगात कुठेही ठेवा म्हणाले. पण नीट वाचा, तेव्हाही टोल बायपासला मुभा दिली नाही. सैल झाली ती कागदपत्रं. परदेशातला कॉल परस्पर इथल्या लाइनवर उतरवायचा नाही, हे तसंच राहिलं.

मुक्तछंद

मला मूळ मुद्दाच कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एडिसनशी तासन्‌तास फुकट बोलता येतं. मावशीच्या लँडलाइनवरून कुरियरवाल्याशी बोलता येतं. दोन्ही कायदेशीर. या दोन कायदेशीर गोष्टी एका डब्यात जोडल्या की गुन्हा? हा निव्वळ कंपन्यांचा गल्ला सांभाळायचा प्रकार आहे. सुरक्षेचं नाव नंतर चिकटवलंय.

निवृत्त_जंक्शन

मुक्तछंद, तुमचं निम्मं बरोबर आहे. पण गल्ला आधी कंपन्यांचा नव्हता, सरकारचा होता. जरा मागे जाऊ.

फोर्टातलं विदेश संचार भवन पाहिलं असेल. परदेशाशी बोलायचा दरवाजा म्हणजे व्हीएसएनएल ही सरकारी कंपनी, दुसरा दरवाजाच नव्हता. १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांना इंटरनेटही त्यांनीच दिलं. म्हणजे ज्याची सगळी कमाई आयएसडीवर, त्याच्याच हातून लोकांना नेट मिळालं, आणि त्याच नेटवरून लोक अमेरिकेला स्वस्तात बोलायला लागले. मग काय होणार? नेटवरून फोन करू देणाऱ्या साइट बंद करायला लागले. १९९९ च्या टेलिकॉम धोरणात तर लिहूनच टाकलं की इंटरनेट टेलिफोनीला सध्या परवानगी नाही. त्या काळात सायबर कॅफेच्या मागच्या केबिनमध्ये हेडफोन लावून कुजबुजणारी माणसं ज्यांनी पाहिली असतील त्यांना आठवेल. पिवळ्या पाटीच्या बूथवाल्याचा जळफळाट व्हायचा.

१ एप्रिल २००२ ला दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. व्हीएसएनएलची परदेशी कॉलवरची मक्तेदारी संपली, आणि इंटरनेट टेलिफोनी कायदेशीर झाली. पण कशी? संगणकावरून संगणकावर चालेल. भारतातल्या संगणकावरून परदेशातल्या फोनवर चालेल. भारतातल्या नेटवरून भारतातल्या फोनवर मात्र चालणार नाही. मावशीचा तिसरा बेत तेव्हापासून अडकलेला आहे.

आणि गल्ल्याचं म्हणाल तर आयएसडीच्या पैशातून गावोगावच्या तोट्यातल्या लँडलाइन चालायच्या. २००३ पासून त्यासाठी एडीसी नावाचा वेगळा आकारच होता, २००८ ला तो गेला. आकार गेला तेव्हा नियमही जायला हवा होता, हे माझं मत. मी नोकरीत असतानाही हेच म्हणायचो, पण कँटीनमध्ये.

कलम_कसाई

वकिलीच्या बाजूने. खालचं मत म्हणून वाचा, सल्ला हवा असेल तर कागद घेऊन वकिलाकडे जा.

१८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातलं कलम ४ म्हणत होतं की तारायंत्र उभारायचा हक्क फक्त केंद्र सरकारचा; बाकी ज्याला हवं त्याने लायसन्स घ्यावं. टेलिफोन, मोबाइल, सगळं त्या 'तारायंत्रा'तच बसवलं. गंमत शिक्षेची. विनापरवाना तारायंत्र बिनतारी नसेल तर कलम २० प्रमाणे दंड जास्तीत जास्त एक हजार रुपये. ते वापरणाऱ्याला कलम २१ खाली पन्नास. दीडशे वर्षांपूर्वी ती रक्कम मोठी असेल.

आता २०२३ चा दूरसंचार कायदा आलाय. त्याचं कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून लागू आहे. परवान्याशिवाय दूरसंचार सेवा दिली किंवा जाळं उभारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजाराचे दोन कोटी झाले, तेव्हा "घरचंच काम आहे" हे वाक्य जपून वापरा.

मुक्तछंद यांच्या प्रश्नाला उत्तर: होय, दोन कायदेशीर गोष्टी जोडल्या की तिसरी बेकायदा होऊ शकते, कारण लायसन्स त्या जोडालाच लागतं. इंटरनेट देणाऱ्या कंपनीलासुद्धा तिच्या लायसन्समध्ये देशातल्या पीएसटीएनशी असा जोड द्यायला मनाई आहे. तो हक्क अ‍ॅक्सेस सेवा देणाऱ्यांचा, म्हणजे ग्राहकाला फोन-मोबाइलची जोडणी देणाऱ्या कंपन्यांचा. स्काइपसारख्या कंपनीने १० नोव्हेंबर २०१४ पासून भारतातून भारतातल्या मोबाइल-लँडलाइनला कॉल बंद केले होते. मावशी कुठे लागून गेली?

पार्लेकर, तुमचं १ ठीक. ३ नको. २ च्या बाबतीत, स्वतःच्या लाइनचा कॉल स्वतःलाच नेटवरून ठाण्याला नेला म्हणून कोणावर खटला झालेला माझ्या पाहण्यात नाही. पण पीएसटीएन आणि खुल्या नेटचा जोड तिथेही होतोच. मी अशिलाला करू देणार नाही.

दुबईकर_अंजू

तुम्ही नशीबवान आहात हो. आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, फोटो जातो, पण कॉल लागत नाही. आईशी बोलायचं तर परवाना असलेलं बोटिमसारखं अ‍ॅप घ्यायचं. इकडे नेट ते नेटसुद्धा अडवतात. भारतात निदान तेवढं तरी मोकळं आहे.

टवाळ

@कलम_कसाई, पन्नास रुपये दंडाच्या काळात मी जन्मायला हवं होतं. वर्षाचा पास काढला असता.

गोरेगाव_गोंधळी

सुरक्षेचं चिकटवलेलं नाही. २६/११ आठवा. कराचीतले हँडलर व्हीओआयपीवरूनच, म्हणजे नेटच्या फोनवरूनच बोलत होते ना? या शहरात बसून तरी "निव्वळ गल्ला" म्हणू नये.

मुक्तछंद

२६/११ चं उदाहरण उलटं आहे. ते कॉल अमेरिकेतल्या एका व्हीओआयपी कंपनीच्या खात्यातून निघाले हे खरं. पण ते हल्लेखोरांच्या मोबाइलवर उतरले, आणि मोबाइलच्या जाळ्यात उतरले म्हणूनच आपल्या पोलिसांना ते ऐकता आले, रेकॉर्ड करता आले. नेट ते नेट असते तर काही कानावर पडलं नसतं. त्यामुळे नेट आणि फोन जोडायला बंदी घालून सुरक्षा येते हे कसं?

निवृत्त_जंक्शन

मुद्दा चांगला काढलात, पण एक पायरी गाळलीत. ते कॉल आपल्याकडे लायसन्सवाल्या आंतरराष्ट्रीय गेटवेतून आले. त्यामुळे मागचा धागा धरून शोधता आलं, कुठल्या कंपनीचं खातं, पैसे कोणी भरले. तोच कॉल एखाद्या खोलीतल्या सिमबॉक्समधून उतरला असता तर समोर दिसला असता एक देशी मोबाइल नंबर, आणि माग त्या खोलीत येऊन थांबला असता.

सिमबॉक्स ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: दिसायला वायफाय राउटरसारखा, पण मागे अँटेनांची रांगच्या रांग, आणि पुढे खाचा. एकेका खाचेत एकेक सिम. परदेशातून नेटवर कॉल येतो, डबा त्यातलं एक सिम निवडतो आणि साधा लोकल कॉल लावतो. आखातातला भाऊ बोलतोय, आणि स्क्रीनवर दिसतोय अनोळखी ९८ वाला नंबर. असा फोन तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल.

यात पैसा कुठे? परदेशातून येणारा कॉल इथल्या कंपनीच्या दारात उतरवायचा तर मिनिटाला आकार द्यावा लागतो. तो ५३ पैसे होता, फेब्रुवारी २०१८ मध्ये ३० केला, मे २०२० पासून ३५ ते ६५ पैशांच्या दरम्यान कंपन्यांनी ठरवायचा. आणि देशातल्या देशात एका कंपनीच्या कॉलला दुसरीकडे उतरायचा आकार? आधी १४ पैसे, मग ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. वर अनलिमिटेडचे पॅक. म्हणजे बाहेरच्या कॉलला देशी कपडे घातले की मधले पैसे खिशात. ही फट आहे तोवर डबे राहणार. छापे घालून फट बुजत नाही.

सव्वानऊची_लोकल

हे पकडतात कसे? आमच्या मागच्या गल्लीत एक बंद गाळा आहे, एसी मात्र रात्रंदिवस चालू असतो.

निवृत्त_जंक्शन

गाळ्याचं माहीत नाही, एसी माणसांसाठीही असतो. सिमच्या वागण्यावरून कळतं. माणसाच्या सिमला फोन येतात, मेसेज येतात, ते सकाळी विरारला असतं आणि दुपारी चर्चगेटला. डब्यातलं सिम एकाच टॉवरखाली बसून राहतं, सतत बाहेर फोन लावतं, त्याला फोन जवळजवळ येतच नाही. कंपन्या परदेशातून स्वतःच स्वतःच्या नंबरवर चाचणी कॉल लावतात आणि तो कुठला नंबर घेऊन येतो ते बघतात.

तुम्हाला परदेशातला कॉल देशी नंबरवरून आला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तक्रार करता येते, त्यासाठी वेगळा पर्याय आहे. आणि जे परदेशी गेटवेतूनच खोटा +९१ लावून येतात ते हल्ली बरेच वेशीवर अडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती यंत्रणा सुरू झाली, पहिल्या चोवीस तासांत १.३५ कोटी कॉल अडवल्याचं सरकारने सांगितलं होतं. सिमबॉक्सवाले मात्र त्यात सापडत नाहीत, त्यांचा नंबर खराच असतो.

पार्लेकर_भाचा

बाप रे. मी पापड वाळवणाऱ्या बाईची सोय बघत होतो, तुम्ही मला एटीएसच्या दारात नेऊन उभं केलंत.

बरं, ३ रद्द. पण मग मला कायदेशीर रस्ता सांगा. नंबर ०२२ वालाच राहिला पाहिजे.

वायरवाला

नंबर हलवायचा विचार सोडा. मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी लँडलाइनला आपल्याकडे नाही, दुसऱ्या कंपनीत गेलात की नंबर गेला.

ठाण्यासाठी: एक्स्चेंजमधून कॉल फॉरवर्डिंग घ्या. ठरावीक वेळ वाजून उचलला नाही तर तुमच्या मोबाइलवर येईल. ते कंपनीच्या जाळ्यातल्या जाळ्यात होतं, कोणी बोट ठेवणार नाही. कॉलचा आकार लागेल का ते आधी विचारून घ्या. पायवर अ‍ॅस्टरिस्क टाकायची हौस असेल तर घरच्या वायफायपुरती ठेवा आणि राउटरवर बाहेरून पोर्ट उघडू नका. एसआयपी (नेटवर कॉल जोडायची पद्धत) बाहेरून उघडं राहिलं की चोर काही तासांत हुंगत येतात आणि तुमच्या लाइनवरून महागडे आयएसडी लावतात. कायद्याच्या आधी बिल मारेल.

एडिसनकर

मी एडिसनहूनच लिहितोय (ओक ट्री रोडला चकली मिळते, पण ती चकली नव्हे). मावसबहिणीला डबा कशाला हवा? इथून कुठल्याही नेट-फोन अ‍ॅपवरून भारतातला कुरियरवाला थेट लावता येतो, मिनिटाला काही सेंट. इथलं अ‍ॅप पैसे घेतं आणि कॉल रीतसर गेटवेने भारतात उतरवतं. बरोबर ना, कलम?

कलम_कसाई

बरोबर. तुमच्या बाजूने नेट असो, तारा असो की कबुतर, भारताला त्याचं देणंघेणं नाही. भारतात शिरताना लायसन्सवाल्याच्या दारातून शिरला की झालं. या धाग्यावर सगळे "व्हीओआयपी बंद आहे का" असं विचारतायत. विचारायचं ते हे की कॉल फोनच्या जाळ्यात कोणाच्या दारातून उतरला.

आणि देशातही २०१८ पासून दार उघडलंय. ट्रायने (दूरसंचार नियामकाने) ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारस केली, दूरसंचार खात्याने जून २०१८ मध्ये मान्य केली: अ‍ॅक्सेसचं लायसन्स असलेली कंपनी कोणाच्याही नेटवरून अ‍ॅपद्वारे नंबर देऊ शकते, आणि तो नंबर सगळ्या फोनांशी बोलू शकतो. बीएसएनएलने लगेच 'विंग्ज' आणलं, वर्षाला १,०९९ रुपये. तुमचं वायफाय कॉलिंग हाही त्याच घराण्यातला प्रकार, २०१९ च्या डिसेंबरात एअरटेलने आणलं, मागोमाग जिओने. तंत्र तेच जे पार्लेकर पायवर करणार होते. फरक लायसन्सचा.

मुक्तछंद

म्हणजे मोठ्याने केलं तर सोय आणि मावशीने केलं तर दोन कोटी. मला हेच म्हणायचं होतं.

निवृत्त_जंक्शन

म्हणा की. मीही तेच म्हणतो, फक्त तुमच्याइतका चिडत नाही. आकारातली फट बुजवा, परदेशी आणि देशी कॉल एका भावात आणा, सिमबॉक्सवाले आपोआप फरसाणाचं दुकान टाकतील. मग घरगुती जोडासाठी साधी नोंदणी ठेवा. पण ते होईपर्यंत पार्लेकरांनी प्रयोग करू नये.

गोरेगाव_गोंधळी

फट बुजली तरी सिमं खोट्या कागदांवर घेतलेली असतात त्याचं काय? माझा विरोध कायम. नोंदणी म्हणजे उद्या प्रत्येक खोलीत 'घरगुती जोड'.

पार्लेकर_भाचा

अपडेट. बहिणीला एडिसनकरांचा उपाय सांगितला, ती म्हणाली मी तर पहिल्यापासून तसंच करते, तुलाच डबा घ्यायचा होता. कॉल फॉरवर्डिंगचा अर्ज दिलाय, कंपनीने "पाहतो" म्हटलंय, त्यांचं पाहणं कधी संपतं बघू. तोवर मावशीसाठी साधा कॉर्डलेस आणला. गच्चीवर रेंज एका कोपऱ्यातच येते, पाण्याच्या टाकीशी.

@वायरवाला, बेस जिन्याच्या वरच्या माळ्यावर नेला तर चालेल का? तिथपर्यंत टेलिफोनची वायर ओढावी लागेल.

वायरवाला

चालेल. नवीन दोनतारी ओढा, जुन्याला गाठी मारू नका, पावसाळ्यात खरखर येते. आणि माळ्यावर प्लग पॉइंट आहे का ते आधी बघा, बेसला वीज लागते.